हात गेल्यावर बाहुली : जिम हेन्सन यांच्या पश्चात मपेट्स



या व्याख्यानमालेत आपण बहुतेक वेळा ग्रंथांविषयी आणि ग्रंथकारांविषयी बोलतो. आज बाहुल्यांविषयी बोलायचे आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने बाहुल्यांवर का बोलावे, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सोपे आहे. आपल्याकडे आत्मा, देह, कर्ता, अकर्ता हे सगळे समजावून सांगताना तत्त्वज्ञांनी ज्या वस्तूचा सर्वांत जास्त वापर करून घेतला, ती वस्तू म्हणजे बाहुली. गीतेच्या अठराव्या अध्यायात भूतमात्रे यंत्रावर चढवल्यासारखी फिरतात अशी प्रतिमा आहे, आणि आपल्या टीकाकारांना तिथे सूत्रधार आणि कळसूत्री बाहुलीच आठवली. पण या सगळ्या दाखल्यांत एक गृहीत आहे : बाहुली नाशवंत, सूत्रधार मात्र कायमचा. प्रत्यक्षात उलटेच घडते. सूत्रधार मरतो. बाहुली पेटीत तशीच राहते. मग तिचे काय करायचे?

हा प्रश्न जगातल्या एका अतिशय लाडक्या बाहुलीमंडळींच्या बाबतीत खराखुरा उभा राहिला. अमेरिकेतले जिम हेन्सन १६ मे १९९० रोजी न्यूयॉर्कमध्ये वारले. वय अवघे ५३. जंतुसंसर्गाने फुप्फुसे ग्रासली आणि काही दिवसांत सारे आटोपले. त्यांच्या मागे मपेट्स राहिले. त्यांना जाऊन आता पस्तीस वर्षांहून अधिक काळ झाला. कर्मिट बेडूक अजून आहे, मिस पिगी आहे, फॉझी अस्वल आहे. चित्रपट निघतात, मालिका निघतात, बंद पडतात. आणि प्रत्येक वेळी जुने प्रेक्षक एकच वाक्य बोलतात : ‘ती मजा राहिली नाही.’ आम्हाला या वाक्याची चिकित्सा करायची आहे. मजा म्हणजे नेमके काय होते, आणि ते केव्हा गेले?

ज्यांचा या बाहुल्यांशी फारसा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. हेन्सन यांचा जन्म १९३६ चा, मिसिसिपी राज्यातला. कॉलेजात असतानाच, १९५५ मध्ये, वॉशिंग्टनच्या एका दूरचित्रवाणी केंद्रावर त्यांनी ‘सॅम अँड फ्रेंड्स’ नावाचा पाच मिनिटांचा कार्यक्रम सुरू केला. सोबत होत्या जेन नेबेल, ज्या पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. याच सुमारास आईचा जुना हिरवट कोट कापून आणि टेबल टेनिसचा चेंडू अर्धा करून डोळे बसवून त्यांनी एक बाहुले केले. तो कर्मिट. तेव्हा तो बेडूकही नव्हता, नुसताच कुणीतरी प्राणी होता. १९६९ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ आले, आणि १९७६ ते १९८१ या काळात ‘द मपेट शो’. या शोची गंमत अशी, की अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी तो नाकारला. लंडनजवळच्या एल्स्ट्री इथल्या स्टुडिओत, ल्यू ग्रेड नावाच्या ब्रिटिश निर्मात्याच्या पैशावर तो उभा राहिला. पाच हंगाम, १२० भाग, आणि शंभरावर देशांत प्रेक्षक.

आता त्यातले तंत्र बघा, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्या तंत्रावर उभा आहे. पूर्वी दूरचित्रवाणीवर बाहुल्या दाखवायच्या तर छोटे रंगमंच उभारत, त्याला पडदा लावत, आणि कॅमेरा समोर ठेवत. हेन्सन यांनी ओळखले की पडद्याची चौकट हाच रंगमंच आहे. कलावंताने चौकटीच्या खाली उभे राहायचे, हात डोक्याच्या वर धरायचा, आणि समोर खाली ठेवलेल्या छोट्या पडद्यावर प्रेक्षकाला जे दिसते तेच बघत खेळ करायचा. म्हणजे खेळवणारा स्वतःच पहिला प्रेक्षक झाला. आपले बाहुले चांगले करते की वाईट, हे त्याला त्याच क्षणी दिसते. दुसरी गोष्ट, कर्मिटचा चेहरा. तो लाकडाचा नाही, मऊ कापडाचा आहे, आणि आत थेट माणसाची बोटे आहेत. मूठ किंचित आवळली की कर्मिट कसनुसा होतो, अंगठा मागे घेतला की त्याला अपमान झाल्यासारखा दिसतो. लाकडी बाहुलीला भाव रंगवलेला असतो. इथे भाव हाताचा आहे. कळसूत्री बाहुली आणि सूत्रधार यांच्यात निदान दोरीचे अंतर असते. इथे तेही नाही. म्हणून मपेटला ‘नवा हात’ देणे म्हणजे नटाला नवा पोशाख देणे नव्हे. प्रकरण बरेच खोल जाते.

आणि अजून एक पात्र बघा, स्वीडिश शेफ. हा आचारी कुणालाही न कळणाऱ्या भाषेत बडबडत स्वयंपाक करतो आणि स्वयंपाक त्याच्यावर उलटतो. याचे डोके आणि आवाज हेन्सन यांचा. पण त्याचे दोन्ही हात हे खरे माणसाचे हात आहेत, आणि ते फ्रँक ऑझ यांचे. म्हणजे एका देहात दोन माणसे! डोक्याला माहीत नाही हात पुढे काय करणार, आणि हातांना माहीत नाही डोके काय बोलणार. तुम्ही जे बघून हसता ते पात्र नव्हे, ती दोन मित्रांची एकमेकांवर केलेली कुरघोडी आहे. मिस पिगी आणि कर्मिट यांचेही तेच. पिगी म्हणजे ऑझ, कर्मिट म्हणजे हेन्सन. ती जी धडपड, धाक, लाडीगोडी आणि शेवटी बसणारा तडाखा, तो दोन माणसांतला वर्षानुवर्षांचा संवाद होता. बाल्कनीत बसून सगळ्यांना नावे ठेवणारे ते दोन म्हातारे, स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ, आठवतात ना? (आमच्या वयामुळे आम्हाला ते दोघे अधिक जवळचे वाटतात, हे मान्य.) त्यांतला वॉल्डॉर्फ हेन्सन यांचा, आणि स्टॅटलर रिचर्ड हंट यांचा. हंट तर तेव्हा विशी-तिशीतला तरुण.

मग १९९० आले. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या विशाल चर्चमध्ये स्मृतिसभा झाली. कुणी काळे कपडे घालू नयेत अशी हेन्सन यांची इच्छा होती, ती पाळली गेली. ‘सेसमी स्ट्रीट’चा तो उंच पिवळा पक्षी, बिग बर्ड, त्याने कर्मिटचे गाजलेले गाणे म्हटले. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एक कार्यक्रम प्रसारित झाला, ज्यात मपेट्स स्वतःच हेन्सन यांना आदरांजली वाहतात. समीक्षेच्या दृष्टीने हा कार्यक्रम फार महत्त्वाचा आहे. त्याची कल्पना अशी : कर्मिट कुठेतरी बाहेर आहे. त्याने निरोप धाडला आहे की जिम हेन्सन नावाच्या गृहस्थांसाठी काहीतरी बसवा. आणि मंडळींना पत्ताच नाही की हे गृहस्थ कोण! ते नेहमीसारखा गोंधळ घालत राहतात. मग लोकांची पत्रे हाती लागतात, ती वाचता वाचता त्यांना उमगते की हा माणूस गेला, आणि आपण सगळे त्याच्याशी बांधलेले होतो. शेवटी कर्मिट येतो. आवाज थोडा वेगळा आहे. तो स्टीव्ह व्हिटमायर यांचा आहे.

बाहुलीला आपला कर्ता ठाऊक नाही, ही कल्पना विनोदी आहे आणि त्याच वेळी भयंकर आहे. ज्यांनी ती लिहिली त्यांना दुःख हाताळता येत होते. याच सुमारास घेतलेला आणखी एक निर्णय बघा. पियानो वाजवणारा कुत्रा रॉल्फ, हे हेन्सन यांच्या स्वभावाच्या अगदी जवळचे पात्र मानले जाई. त्याला लगेच नवा आवाज दिला गेला नाही. कित्येक वर्षे तो जवळजवळ मुका राहिला. मागे बसून पियानो वाजवताना दिसे, इतकेच. आपल्याकडे घरातला कर्ता माणूस गेला की त्याची खुर्ची काही दिवस कुणी वापरत नाही, तसेच हे झाले.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. प्रचलित मत असे आहे की निर्माता गेला, म्हणून कला ओसरली. ऐकायला बरोबर वाटते. पण या मताला दोन अडचणी आहेत, आणि दोन्ही मोठ्या आहेत.

पहिली अडचण म्हणजे १९९२ चा ‘द मपेट ख्रिसमस कॅरोल’ हा चित्रपट. हेन्सन जाऊन दोन वर्षे झाली होती. दिग्दर्शक त्यांचे चिरंजीव ब्रायन हेन्सन, त्यांचा हा पहिलाच चित्रपट. कर्मिट नव्या हातात. आणि तरीही हा मपेट्सच्या उत्तम कामांपैकी एक आहे, काहींच्या मते सर्वोत्तम. का जमला? एक तर मायकेल केन यांनी कंजूष स्क्रूज इतक्या गंभीरपणे केला की समोर बाहुल्या आहेत याची त्यांनी एकदाही जाणीव करून दिली नाही. कुठे डोळा मारला नाही. दुसरे, पटकथा जेरी जूल यांची. जूल १९६१ पासून हेन्सन यांच्याबरोबर होते, आधी बाहुल्या खेळवायचे, मग लेखनाकडे वळले. गॉन्झोला डिकन्स करायचे, शेजारी एक उंदीर बसवायचा, आणि त्या उंदराने लेखकाच्या सर्वज्ञतेवर शंका घ्यायची, ही बुद्धी त्या घरातलीच होती. आणि ती गोष्टही कुठली? मृत माणसे येऊन जिवंतांना जगायला शिकवतात, त्या गोष्टीची. शोकात असलेल्या मंडळींनी याहून योग्य कथा निवडली नसती.

दुसरी अडचण म्हणजे ‘सेसमी स्ट्रीट’. तिथेही हेन्सन यांचा एर्नी होता, तोही पुढे दुसऱ्यांच्या हाती गेला. पण ‘सेसमी स्ट्रीट’ ढासळले नाही. उलट एल्मो नावाचे लाल बाहुले त्यानंतरच्या काळात सगळ्यांत लोकप्रिय झाले. २००६ मध्ये ते आपल्याकडे ‘गली गली सिम सिम’ होऊन हिंदीत आले, चमकी आली, बूम्बा आला. निर्माता तोच, तंत्र तेच, मृत्यू तोच. एक शाखा टवटवीत राहिली, दुसरी वाळली. तेव्हा केवळ मृत्यू हे कारण पुरेसे नाही. तर्कशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल, कारण तेच असेल तर कार्य वेगळे का?

‘सेसमी स्ट्रीट’ला एक बाहेरचे प्रयोजन होते : गरीब वस्तीतल्या मुलांना शाळेआधी अक्षरे आणि आकडे यावेत. प्रत्येक भाग कशासाठी आहे हे ठरलेले असे. माणसे बदलली तरी काम उरत होते. ‘मपेट शो’ला असे काही नव्हते. एक मोडके नाट्यगृह, रोज रात्री कसाबसा प्रयोग उभा करायचा, एवढेच. त्याचे प्रयोजन त्या माणसांच्या एकत्र असण्यातच होते. आमचा पहिला निष्कर्ष असा : ‘मपेट शो’चा निर्माता ही एक व्यक्ती नव्हती, ती एक मंडळी होती, आणि म्हणून तिचा मृत्यू एका दिवसात झाला नाही, तो दहा वर्षे चालला. मे १९९० मध्ये हेन्सन. जानेवारी १९९२ मध्ये रिचर्ड हंट, चाळिशीतच. बाल्कनीतले दोन्ही म्हातारे दोन वर्षांच्या आत रिकामे झाले. १९९९ नंतर जेरी जूल निवृत्त. त्याच सुमारास फ्रँक ऑझ बाजूला झाले आणि पिगी, फॉझी दुसऱ्या हातांत गेले. प्रत्येक पात्राला पर्यायी हात मिळाला, चांगले कसबी हात मिळाले. पण दोन हातांमधले जे होते त्याला पर्याय कुठून आणणार? तबलजी बदलता येतो, गवई बदलता येतो. तीस वर्षांची जुगलबंदी बदलून मिळत नाही.

दुसरा निष्कर्ष स्वभावाविषयी. जुना कर्मिट आठवा. तो संत नव्हता. वेड्यांच्या कळपात अडकलेला व्यवस्थापक होता. चिडायचा, ओरडायचा, हात हवेत फेकत पळायचा, कधी टोचून बोलायचा. हेन्सन यांच्या विनोदाचा एक ठरलेला नेम होता : प्रसंग कसा संपवायचा सुचले नाही, तर स्फोट करावा, नाहीतर एका पात्राने दुसऱ्याला गिळावे. त्यांना आपल्या बाहुल्यांचा मान ठेवायची गरज वाटत नव्हती, कारण त्या त्यांच्याच होत्या. वारसाला हे परवडत नाही. त्याच्या हाती ठेव आलेली असते, आणि ठेव कुणी उडवून देत नाही. देवळाचा मालक असलेला भक्त देवाशी भांडतो, त्याला शिव्याही घालतो, आपल्या संतांनी हेच केले. नेमलेला पुजारी मात्र वेळच्या वेळी पूजा करतो आणि मूर्तीला ओरखडा पडू देत नाही. १९९० नंतरचा कर्मिट हळूहळू गोड, समजूतदार, सद्गुणी होत गेला. हा व्हिटमायर यांच्या कसबाचा दोष नाही. ती वारशाचीच अवस्था आहे. प्रेमाने जपले, म्हणून पात्र निर्जीव झाले.

तिसरा निष्कर्ष आशयाविषयी, आणि आमच्या मते हा सर्वांत गंभीर. २०११ मध्ये ‘द मपेट्स’ हा चित्रपट आला. चांगला चालला, त्यातल्या एका गाण्याला ऑस्कर मिळाले. कथानक काय? मपेट्सना जग विसरले आहे, नाट्यगृह पडीक झाले आहे, एक तेलसम्राट ते पाडणार आहे, आणि वॉल्टर नावाचा एक चाहता जुन्या मंडळींना पुन्हा गोळा करतो. बघताना डोळे पाणावतात, आमचेही पाणावले. पण थांबून विचार करा. १९७६ चे मपेट्स ‘आज रात्री प्रयोग आहे’ या धास्तीवर जगत होते. २०११ चे मपेट्स ‘एके काळी आमचे प्रयोग होत’ या आठवणीवर जगतात. चाहता पात्र म्हणून आत आला, म्हणजे कलाकृतीने प्रेक्षकाच्या हळहळीलाच आपला विषय केले. फ्रँक ऑझ यांनी त्या पटकथेविषयी उघड नापसंती दाखवली होती. पात्रांचा आब राखला गेला नाही असे त्यांचे म्हणणे. आम्ही थोडे वेगळे म्हणू : आब फार राखला गेला, पात्रांना काम दिले गेले नाही.

त्यानंतर २०१५ मध्ये दुसऱ्या टोकाचा प्रयत्न झाला. एबीसी वाहिनीवर मालिका आली, प्रौढांसाठी, माहितीपटाच्या ढंगात. पिगी रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाची सूत्रसंचालक, कर्मिट तिचा निर्माता, दोघांचा संबंध तुटलेला, कर्मिटला नवी मैत्रीण. कॅमेऱ्याकडे बघून सगळे आपापली कैफियत मांडतात. सोळा भागांत ती संपली. का जमली नाही? लोक म्हणाले, फार प्रौढ होती. पण जुना शोही प्रौढांसाठीच होता! खरी चूक अशी की या बाहुल्यांना मनोविश्लेषण मानवत नाही. पिगीचा अहंकार आपल्याला तिच्या एका तडाख्यातून कळतो. तिने खुर्चीत बसून तो समजावून सांगितला की ती एक दुःखी स्त्री होते, आणि मग तिला डुकराचा मुखवटा कशाला हवा? बाहुलीचे अंतरंग बाहेरच असते, ती जे करते तेच तिचे अंतरंग. २०११ ला भक्ती जास्त झाली, २०१५ ला जवळीक जास्त झाली. पुढेही २०२० आणि २०२३ मध्ये मालिका निघाल्या, त्या एकेका हंगामात आटोपल्या.

इथे कुणीतरी म्हणणार, ‘सर, हे सगळे डिस्नेमुळे झाले.’ मोठ्या कंपनीने लहान माणसांची कला गिळली, ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला आवडणारी आहे. पण वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. मपेट्स डिस्नेला द्यायचे हा विचार खुद्द हेन्सन यांचाच होता. १९८९ मध्ये तसे जाहीर झाले होते, कारण धंद्याचे ओझे उतरवून त्यांना निर्मितीसाठी मोकळे व्हायचे होते. ते वारले आणि १९९० च्या अखेरीस तो सौदा फिसकटला. मग २००० मध्ये कंपनी एका जर्मन उद्योगाने घेतली, ती अडचणीत आली, २००३ मध्ये हेन्सन कुटुंबाने परत घेतली, आणि २००४ मध्ये मपेट्स अखेर डिस्नेकडे गेले. म्हणजे चौदा वर्षे या बाहुल्या एका पेटीतून दुसऱ्या पेटीत फिरत होत्या. फरक एवढाच पडला, की हेन्सन विकायला निघाले होते तेव्हा बाहुल्यांबरोबर स्वतः हेन्सनही जाणार होते. २००४ मध्ये गेली ती फक्त नावे, रूपे आणि हक्क.

या हक्कांचा प्रश्न २०१७ मध्ये उघड्यावर आला. व्हिटमायर यांना कर्मिटपासून दूर करण्यात आले. सव्वीस वर्षे त्यांनी तो हात चालवला होता. दोन्ही बाजूंनी वेगवेगळी कारणे सांगितली गेली. कंपनीने वागणुकीकडे बोट दाखवले, त्यांनी पात्राविषयीच्या मतभेदांकडे. हेन्सन यांच्या मुलांनी कंपनीचा निर्णय योग्य ठरवला. खरे कोण, हे ठरवण्याची ही जागा नाही. पण प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे आणि तो आपला आहे. कर्मिट कोण? ज्याच्याकडे कागद आहे तो? ज्याचा हात आहे तो? की ज्याच्या रक्ताचा वारसा आहे तो? ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात नागसेन राजाला विचारतो की रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? यांपैकी एकही नाही, आणि या सगळ्यांवेगळाही नाही. कर्मिटचे तसेच आहे. कापड म्हणाल तर ते अनेकदा बदलले. आवाज म्हणाल तर हेन्सन, व्हिटमायर आणि आता मॅट व्होगेल, असे तीन झाले.

आम्हाला इथे दोन टोके दिसतात. एका टोकाला चॅप्लिनचा तो भटक्या. तो नटाबरोबर जन्मला आणि त्याच्याबरोबर संपला. दुसऱ्याने केला तर ती नक्कल. दुसऱ्या टोकाला आपली सिंधू. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, आणि ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते त्यानंतर. निर्माता पहिल्या प्रयोगालाही नव्हता! तरी बालगंधर्वांनी सिंधू उभी केली, पुढे कितीजणींनी केली, कारण संहिता पूर्ण होती. मपेट या दोन टोकांच्या मधे अडकला आहे. देह शिल्लक आहे, म्हणून संपवता येत नाही. संहिता नाही, म्हणून सोपवता येत नाही.

मग अशी वस्तू सोपवायची तरी कशी? याचे एक उत्तर आपल्या घरात आहे. यशवंत पाध्ये यांनी घडवलेला अर्धवटराव शंभरी ओलांडून बसला आहे. वडिलांकडून तो रामदास पाध्ये यांच्याकडे आला, आणि आता सत्यजित पाध्ये ही तिसरी पिढी त्या बोलक्या बाहुल्यांबरोबर उभी आहे. अर्धवटराव अजून खट्याळ आहे, अजून मालकाचा उपमर्द करतो. तो पुजाऱ्याच्या हातातली मूर्ती झाला नाही. का? कारण शब्दभ्रमात खेळवणारा लपत नाही, तो बाहुल्याशेजारीच बसतो. हात बदलला हे प्रेक्षकाला दिसते, कुणी ते झाकत नाही. म्हणून नव्या माणसाने जुन्याची हुबेहूब नक्कल करावी अशी अपेक्षाच उरत नाही. बाहुले तेच, भांडण नवे.

दुसरे उदाहरण सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे. तिथला ठाकर समाज कळसूत्री बाहुल्या, छायाबाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतो. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली; त्यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभारले, ते अनेकांनी पाहिले असेल. तिथल्या रावणाचा ‘मूळ आवाज’ कुणाचा, असा प्रश्न तुम्ही विचाराल का? प्रश्नच चमत्कारिक वाटतो. पण आपण फुशारकीही मारू नये. त्या कलेला निर्मात्याच्या मृत्यूची भीती नाही, तिला प्रेक्षकाच्या मृत्यूची भीती आहे. पाश्चात्त्यांकडे बाहुलीला मालक आहे, बाजार आहे, हात मिळेना. आपल्याकडे हात आहेत, रात्रभर बसणारे गाव उरले नाही. दोन्हीकडे पेटी बंदच राहण्याचा धोका आहे.

आता शेवटचा मुद्दा. जून २०२५ मध्ये फ्लोरिडातले ‘मपेट-व्हिजन थ्री-डी’ हे नाट्यगृह बंद झाले. हेन्सन यांनी हाताळलेल्या शेवटच्या मोठ्या कामांपैकी ते एक; त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, १६ मे १९९१ रोजी, ते उघडले होते. चौतीस वर्षे तीच फीत, तेच आवाज. अनेकांनी शोक केला आणि तो साहजिक आहे. पण हेन्सन यांनी कर्मिट आईच्या टाकाऊ कोटातून केला होता, हेही लक्षात ठेवायला हवे. कोट जपून कपाटात ठेवला असता तर आज आईची आठवण असती, कर्मिट नसता. मपेट्सच्या आजच्या मालकांना, आणि पिंगुळीपासून पुण्यापर्यंतच्या आपल्या सगळ्या वारसदारांना, आमचे एवढेच सांगणे आहे : ज्या दोन माणसांचे एकमेकांशी जमते अशी दोन माणसे शोधा, त्यांना दहा वर्षे एकत्र काम करू द्या, आणि त्यांनी बाहुलीचा अपमान केला तर मधे पडू नका. जुन्या जोडीला असेच सोडून दिले होते, तेव्हाच पिगीचा तडाखा खरा बसत होता.

आमचा वेळ संपला आहे. प्रश्न असतील तर अवश्य विचारा; आणि बाल्कनीतून कुणाला टोमणे मारायचे असतील तर त्यांचेही स्वागत आहे.